पहिल्या घाण्याचा मान

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सुषमा आली. हातात कालच्या दसऱ्याच्या श्रीखंडाची वाटी. माझी सख्खी जाऊ, अंगण एकच, तिचं दार माझ्या दारासमोर. तरी वर्षभरात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत पाऊल.

"ताई, औंदा नानकटाई तुमीच बघा. पूर्वाचा पहिला दिवाळसन हाय. तिच्या सासरची मानसं येनार हायेत."

मी भांडी विसळत होते. वळले नाही. "बघते" म्हणाले.

का म्हणाले? तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. दिवसभर स्वतःवर चिडून आहे.

श्रीखंड मांजरीला घातलं. इथून पुढं नुसतं सु. लिहिणार. अख्खं नाव लिहायलाही नको वाटतं.

५ ऑक्टोबर, रवि.

मागच्या दिवाळीचं कधी लिहिलंच नव्हतं. आज लिहिते, म्हणजे ऐन वेळी मन मऊ पडणार नाही.

भट्टी ह्यांनी केलेली. पिरंगुटच्या वर्कशॉपमधून तेलाचं जुनं पिंप आणलं, आडवं करून पायांवर बसवलं, पुढून कापून दार लावलं, आत जाळी. त्याआधी आम्ही बायका पीठ आणि ताटं घेऊन पौडच्या बेकरीत रांग लावायचो. भट्टी झाल्यापासून दर दिवाळीत सगळं घर अंगणात. सासूबाई, सु., मी, पूर्वा. हे जाळ बघायचे. पहिला घाणा देवापुढं ठेवायचा. तो भट्टीत मी लावायचे, थोरली म्हणून.

हे गेले त्या वर्षी दिवाळी नव्हतीच. पुढच्या वर्षी, म्हणजे मागच्या साली, वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. पीठ मीच मळलं. ताट उचललं. तर सु.नं माझ्या हातातलं ताट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. आणि गोड आवाजात:

"ताई, तुमी राहू द्या. पहिला घाणा सवाष्णीच्या हातचा असू द्या."

शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली. सासूबाई पिस्त्याचे काप करत होत्या, त्यांचे हात थांबले नाहीत. माझे हात तुपानं माखलेले, तसेच घेऊन घरात आले आणि दार लावलं.

बाहेर त्यांची नानकटाई खालून कोळसा झाली आणि आतून कच्ची राहिली. सु.नं गावभर सांगितलं, ताईंनी पीठ बिघडवलं.

हे लिहिताना पेन दाबून कागद फाटला. बरं आहे. फाटू दे.

८ ऑक्टो.

आत्या आल्या होत्या. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. ओट्यावर बसल्या, पाय चेपत राहिल्या. पाठवणारी कोण ते कळतंच.

"झालं गेलं सोड, कल्पना. पोरीचा सन हाय."

"तवा तुमी बोलला न्हाई, आत्या."

"मी काय बोलनार? रीत हाय ती."

"मग औंदा रीत कुटं गेली? औंदा माझा हात चालतो व्हय?"

पदर सारखा केला. उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुझं त्वांड लई वाढलंय."

वाढलंयच. वाढवणार अजून.

११ ऑक्टो., शनि.

पू.चा फोन. पूर्वा, सु.ची लेक. लग्न होऊन बावधनला गेल्यापासून शनिवारी करतेच. मला मूलबाळ नाही. ही पोर माझ्या मांडीवर जेवली, माझ्याजवळ झोपली. मला मोठी आई म्हणते.

"मोठी आई, निखिलच्या आईंना भट्टी बघायचीय गं! मी सांगून ठेवलंय, तुझ्यासारखी नानकटाई पुण्यात एकाही बेकरीत मिळत नाही. रविवारी सगळे येतोय. त्यांना सुट्टी तेव्हाच आहे. सगळ्यांनी मिळून करायची, आधीसारखी."

आधीसारखी. मागच्या दिवाळीत ती ट्रेनिंगला बंगलोरला होती. तिला काहीच माहीत नाही. कुणी सांगितलेलं नाही.

जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, आत्ता सांगून काय, फोनवर दोघी रडणार, सु. चार दिवस गप्प बसणार, संपलं. हे हत्यार असं फुकट घालवायचं नाही.

"ये बाई, करू" म्हणाले.

१२ ऑक्टो.

काय काय करता येईल, दिवसभर तेच डोक्यात.

पिठीसाखरेऐवजी मीठ. नको, पीठ माझं, नाव माझंच जाईल.

सोडा जास्त. नको, तेच.

त्या दिवशी कुलूप लावून ताम्हिणीला बहिणीकडं निघून जायचं. हे बरं वाटलं. पण मग तिचं तोंड कसं होतं ते बघायला मी नसणार. मला बघायचंय.

१४ ऑक्टो., मंगळ.

सापडलं.

कामावर, रोपांच्या नर्सरीत पिशव्यांत माती भरत होते. एकदम सुचलं आणि एकटीच हसले. सोबतची बाई म्हणाली, "काय झालं ओ?" म्हटलं, "काय न्हाई."

मी काहीच बिघडवायचं नाही. पीठ एक नंबर मळायचं, जाळ एक नंबर लावायचा. आणि ताट भट्टीत जायची वेळ आली की हात पुसून बाजूला बसायचं. पाहुण्यांसमोर. पहिला घाणा सवाष्णीच्या हातचा. तिचीच रीत, तिचेच शब्द, तिच्याच पदरात. लाव म्हणावं. कोण बसलंय पुढं बघ आणि लाव.

भट्टीचं तिला काही कळत नाही. जाळ विझून निखारे पसरेपर्यंत थांबायचं असतं, खाली एक रिकामं ताट ठेवायचं असतं. मी शिकवलं नाही, तिनं विचारलं नाही.

आज भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

१६ ऑक्टो., गुरु.

सु.बरोबर पौडला सामान आणायला. तूप, मैदा, बेसन, वेलची. माझी पिशवी तिनं उचलली. ताई हे घेऊ का, ताई ते घेऊ का.

परत येताना सहाआसनी रिक्षात शेजारी बसली आणि आपणहून बोलायला लागली. विहीणबाईंनी लग्नातल्या जेवणाला तेलकट म्हटलं होतं म्हणे. पू.ला भाजी नीट चिरता येत नाही म्हणून बोलतात. "ताई, मला झोप लागंना झाली. ह्या वेळी काय कमी पडलं तर पोरीला ऐकून घ्यावं लागंल."

तिचे डोळे खरंच सुजलेले होते. क्षणभर कीव आली.

लगेच ते ताट आठवलं. माझ्या हाताला लागलेली तिची बोटं. कीव गेली.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी

पीठ मळलं. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसत बसले, पार पांढरं लोण्यासारखं होईस्तोवर. खांदा भरून आला. मग मैदा, बेसन, थोडा रवा, चमचाभर दही, वेलची, जायफळ. पिठाचा गोळा हातात असा बसला की वाटलं, हे असते तर चिमूट तोंडात टाकून पळाले असते.

पीठ उत्तमच व्हायला हवं. उद्या जे बिघडेल ते तिच्या हातानं बिघडायला हवं.

सु. दारातून डोकावली. "वास लई भारी येतोय, ताई."

"येनारच."

१९ ऑक्टो., रवि.

सगळे गेलेत. नीट क्रमानं लिहिते.

सकाळीच करवंट्या आणि आंब्याची फाटी घालून भट्टी पेटवली. पाहुणे गाडीतून आले. निखिल, पू., विहीणबाई. बाई चांगल्या उंच, रेशमी ड्रेस, बोलायला मोकळ्या. भट्टी बघून म्हणाल्या, "किती क्यूट आहे! आमच्या सोसायटीत असं काही असतं तर!" सु.नं खुर्ची दिली तर म्हणाल्या, नको, मी पण खाली बसते, मलाही वळायच्यात.

मग अंगणात सतरंजीवर सगळ्या. आत्या पिस्ते लावत होत्या. पू. मुद्दाम वेडेवाकडे गोळे करत होती, तिच्या नाकाला पीठ. विहीणबाईंच्या सगळ्या चपट्या. निखिलनं कच्चंच पीठ खाल्लं म्हणून आत्यांनी त्याच्या हातावर चापट मारली, जावई असून. सगळे हसले. मीही हसले. सु.सुद्धा, माझ्याकडं बघून.

ह्यांच्या माघारी अंगणात असं हसू पहिल्यांदाच. एकदा मनात आलं, जाऊ दे. उचलावं ताट, लावावं भट्टीत, सोडून द्यावं सगळं.

ताट भरलं. सु. हळूच म्हणाली, "ताई, लावा." हळूच. कुणाला ऐकू जाऊ नये असं.

त्या हळूचनंच घात केला. मागच्या साली मोठ्यानं बोलली होतीस की.

हात पदराला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नको बाई. पहिला घाणा सवाष्णीच्या हातचा असू दे. तूच म्हनाली व्हतीस न्हवं मागच्या साली? माज्या हातातलं ताट धरून? मी पडले विधवा, माझा हात कशाला?"

पू. म्हणाली, "म्हणजे? आई, काय म्हणतेय ही?"

सु.चा चेहरा राखेसारखा झाला. मग मीच सांगितलं. सगळं. शेजारणी, पिस्ते, लावलेलं दार. सावकाश, एकेक शब्द. वर्षभर पाठ केलेलं. आणि सांगताना बघत होते विहीणबाईंकडं. त्यांच्या कपाळाला आठी पडावी, सु.कडं बघून तोंड वाकडं व्हावं, एवढ्यासाठीच हे सगळं केलं होतं.

त्या ओठ पुसत म्हणाल्या, "अहो, पण त्यात चुकीचं काय? आमच्याकडंही देवाचं पहिलं सवाष्णच करते. शास्त्र असतं ते. वाईट नाही वाटून घ्यायचं."

इतक्या सहज. चहात साखर किती विचारावं तसं.

आत्यांनी मान हलवली. सु.च्या चेहऱ्यावर रंग परत आला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. ती उठली, डाव्या हातावर ताट घेतलं, भट्टीकडं गेली. जाताना एकदा माझ्याकडं बघितलं. जिंकल्यासारखं.

भट्टीच्या दाराची कडी लोखंडी. ह्यांनी बसवलेली लाकडी मूठ कधीच जळून गेलीय. सकाळपासून जाळ होता. मी ओल्या पोत्याच्या तुकड्यानं धरते. तो तुकडा माझ्या गुडघ्याजवळ पडला होता.

तिचा उजवा हात कडीकडं जाताना मी बघितला. वेळ होता. "थांब" म्हणायला लागतो कितीसा वेळ.

नाही म्हणाले.

किंकाळी. ताट पडलं. नानकटाया मातीत. तळहाताची कातडी कडीला.

पू. पाण्याची बादली घेऊन धावली. बादलीसाठी वाकली तेव्हा तिला ते ओलं पोतं दिसलं. मग माझं तोंड दिसलं. बस्स. बादली उचलून आईकडं वळली.

किंकाळी ऐकून माझे दीर, भाऊजी, घरातून धावत आले; ते आणि निखिल सु.ला गाडीत घालून पिरंगुटला डॉक्टरकडं घेऊन गेले. विहीणबाई पुढच्या सीटवर, पू. मागं सु.जवळ. मी आणि आत्या अंगणात. निखारे आता कुठं बरोबर झाले होते.

२० ऑक्टो.

पहिली अंघोळ. उटणं नाही लावलं. समोर फटाके नाहीत, रेडिओ नाही.

खोटं कशाला लिहू. ती ओरडली तेव्हा मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं. पोतं पू.ला दिसेपर्यंत.

सु.चा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. आत्यांनी तिला भरवलं, खिडकीतून दिसलं.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

उरलेलं पीठ माझ्या फ्रीजमध्ये होतं. आत्यांनी दारातून विचारलं, "टाकून देऊ का ते?" म्हटलं, "हात लावू नका."

दुपारी एकटीनंच भट्टी पेटवली. निखारे पसरले, रिकामं ताट खाली, भरलेलं वर. दार पोत्यानं धरून लावलं. समोरच्या खिडकीतला पडदा हलला.

वर छान तडे गेले, कडा बदामी. जशी व्हायला हवी तशी.

देवापुढं ठेवली नाही. पहिली नानकटाई मी खाल्ली. भट्टीपाशी उभी राहून, खिडकीकडं तोंड करून. दुसरीपण. बघ म्हटलं. बघ, काय आभाळ कोसळतंय का.

काही कोसळलं नाही. दोन्ही खाल्ल्या तरी चव कळली नाही.

२२ ऑक्टो., पाडवा

जावयाचा मान झाला समोरच्या घरात. मला बोलावणं आलं नाही. मी गेले नाही.

निघताना पू. माझ्याकडं आली. बसली नाही. मी डबा भरून ठेवला होता, तो पुढं केला. घेतला नाही.

"मोठी आई, आईनं तुझ्याशी जे केलं ते घाण केलं. मी तिला तोंडावर सांगितलंय. सासूबाईंनाही सांगितलं, गाडीतच. त्या बोलत नाहीयेत माझ्याशी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तर म्हणाली, "रडू नको. थांब. मी फोन केला होता तेव्हा का नाही सांगितलंस? मी रविवारी आल्या आल्या ताट तुझ्या हातात दिलं असतं. सगळ्यांसमोर. सासूबाई काय वाट्टेल ते म्हणू देत."

मी डब्याचं झाकण दाबत राहिले.

"तुला ते नको होतं. तुला आईला तसं बघायचं होतं."

"व्हय," म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"आणि तिचा हात?"

ह्याला व्हय म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही. बाहेर निखिलनं हॉर्न दिला. गेली. डबा कट्ट्यावर तसाच.

कुणाला तरी आधीच सांगायला हवं होतं. हे असते तर पोतं फेकून मारलं असतं मला.

नाही, हे असते तर यातलं काहीच झालं नसतं.

२३ ऑक्टो., भाऊबीज

भाऊ येऊन गेला. डबा त्याला दिला. "औंदा लई झकास झालीय" म्हणाला. बरं.

समोर आत्याच स्वयंपाक करतायत. त्यांनी कुकर उचलला तर हात थरथरतात. मी ओट्यावरून बघते. उठत नाही. का उठू? रीत आहे ना? शिजवू दे सवाष्णींना.

काल संध्याकाळी मात्र आमटी जास्तीची झाली होती. पातेलं नेऊन त्यांच्या दाराशी ठेवलं आणि हाक न मारता परत आले. आज सकाळी पातेलं घासून माझ्या पायरीवर. कोण घासणार, आत्याच.

मला माफी नकोय आणि मला माफ करायचंही नाहीय. पण पू. शनिवारी फोन करेल का, एवढंच डोक्यात.

२५ ऑक्टो., शनि.

नाही केला.

२६ ऑक्टो., रवि.

शेतात भाताची कापणी लागलीय, सगळे तिकडं. वाडीत सामसूम. मी तांदूळ निवडत बसले होते.

दुपारी सु. आली. सरळ आत. केस मोकळे, पार गुंता झालेले, डाव्या हातात फणी. माझ्यापुढं पाठमोरी बसली.

"आत्यांचा हात चालंना. वेनी घाला."

घाला, म्हणाली. घालाल का, असं नाही.

फणी घेतली. वरून खाली ओढली. मुद्दाम ओढली, गुंत्यासकट. हूं का चूं नाही. अजून ओढली. तिची मान मागं यायची आणि परत सरळ व्हायची. केस किती विरळ झालेत. लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही हातांत मावायचे नाहीत, तेव्हाही मीच घालायचे.

वेणी अर्धी झाल्यावर म्हणाली, "पोतं तुमच्याजवळच हुतं. न्हाई?"

"व्हय."

"कडी तापलीय ते ठावं हुतं."

"व्हय."

"आन् हाक मारली न्हाई."

"न्हाई मारली."

मला वाटलं आता वळेल, बोंब मारेल, भाऊजींना सांगेल. मी तयार होते. उत्तरं तयार होती.

तिनं पट्टीचा हात मांडीवर जरा सरकवला. "मी बी मारली नसती," म्हणाली.

वेणी पुरी केली. रबर लावलं. घट्ट. ती उठली, दारापर्यंत गेली, थांबली. वाटलं काही बोलणार. "आबाळ आलंय, कापलेला भात भिजंल" म्हणाली आणि गेली.

फणी इथंच राहिलीय. विसरली की ठेवली, कळत नाही. नेऊन द्यावी तर मी का जाऊ. उद्या सकाळी वेणी कुणाकडून घालून घेते बघू.